पद्मिनीची पाचवी स्प्रिंग

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं, त्यामुळे २०२३ चा ऑक्टोबर संपता संपता ती काळी-पिवळी रस्त्यावरून उतरली. घरच्या पद्मिन्या मात्र अजून टिकून आहेत. आजोबांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली गाडी नातू शेडमधून बाहेर काढतो, इंजिन बांधून घेतो, रंग करतो आणि मग बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. गाडी लो करतो, म्हणजे तिची उंची कमी करून घेतो.

मला लो केलेली पद्मिनी आवडते, हे आधीच सांगतो. त्या गाडीची बाजूची रेषा मुळातच सुरेख आहे. चाकं कमानीत दोन बोटं आत गेली की ती आणखी खुलते. पण अशा बहुतेक गाड्यांत बसलं की दहा मिनिटांत पाठ बोलू लागते. उड्डाणपुलाचा प्रत्येक सांधा मणक्याला कळतो, आरशात मागचं दृश्य थरथरतं, दारं कुरकुरतात. मालक म्हणतो, लो गाडी आहे, असं होणारच. हे मला मान्य नाही. लो गाडी आणि त्रासदायक गाडी यांचं नातं अटळ नाही. गडबड एवढीच असते की कडकपणा जिथे नको तिथे आलेला असतो आणि जिथे हवा तिथून गेलेला असतो. स्प्रिंगच्या हालचालीला वाव हवा आणि सांगाडा घट्ट हवा. लो करताना बहुतेक वेळा याच्या नेमकं उलटं घडतं.

आधी ही गाडी खालून कशी आहे ते पाहू. इटलीत फियाटने १९५३ साली ११००/१०३ आणली, तीच पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बदलत बदलत पद्मिनी झाली. १९७४ पासून पद्मिनी हे नाव. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन विशबोन (चाकाला सांगाड्याशी जोडणारे, वर-खाली हलणारे त्रिकोणी हात) आणि एक गोल स्प्रिंग. मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ऍक्सल आणि त्याला पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट, नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून जो सांगाडा झाला तीच चासी, तीच बॉडी. हे लक्षात ठेवा, कारण पुढची निम्मी गोष्ट त्यावरच उभी आहे.

कणकेचा गोळा

तुमची गाडी का आपटते हे शोधायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. स्वयंपाकघरातून कणकेचे चार घट्ट गोळे आणा. प्रत्येक चाकापाशी, सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर जिथे लोखंड टेकू नये म्हणून रबराचा गुटका बसवलेला असतो (त्याला बंप स्टॉप म्हणतात), त्याच्यासमोर एकेक गोळा चिकटवा. रोजच्या रस्त्यावरून पाच किलोमीटर नेहमीच्या वेगाने जाऊन या आणि गोळे पाहा.

गोळा जरासा दबला असेल तर ठीक. पापडासारखा चपटा झाला असेल तर तुमची गाडी स्प्रिंगवर चालतच नाही, रबराच्या गुटक्यावर चालते. लो केलेल्या दहा गाड्या तपासल्या तर बहुतेकींचं दुखणं इथेच सापडेल. मालकाला वाटतं स्प्रिंग कडक झाली. स्प्रिंग बिचारी तितकी कडक झालेलीच नसते, तिला दबायला जागाच उरलेली नसते.

आकडे घालून पाहिलं की हे लख्ख दिसतं. समजा उभ्या गाडीत पुढचं चाक वर यायला ७५ मिलिमीटर मोकळी जागा आहे आणि स्प्रिंगला आठ वेढे आहेत. गॅरेजमध्ये एक वेढा कापला. वेढे कमी झाले की स्प्रिंग त्या प्रमाणात कडक होते, म्हणजे आठाचे सात झाले तर साधारण १४ टक्के. पण भाराखाली स्प्रिंगची उंची एका वेढ्याने घटते, समजा २२ मिलिमीटर. आता विशबोनवर स्प्रिंग चाकाच्या बरीच आत बसते, त्यामुळे स्प्रिंग थोडी हलली की चाक जवळजवळ दुप्पट हलतं. स्प्रिंगचे २२ म्हणजे चाकाशी ४० मिलिमीटर. गाडी ४० ने खाली आली आणि ७५ ची जागा ३५ वर आली.

पूर्वी जो खड्डा ७५ मिलिमीटरमध्ये पचत होता तो आता ३५ मध्ये पचवायचा आहे. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ही दबण्याच्या अंतराच्या वर्गावर वाढते. म्हणून अंतर निम्मं झालं तर तोच धक्का झेलायला स्प्रिंग दुप्पट कडक असून भागत नाही, चौपट लागते. आपल्या उदाहरणात ७५ भागिले ३५, त्याचा वर्ग, म्हणजे साडेचार पटींहून जास्त. आणि कापलेल्या स्प्रिंगने दिलं किती? फक्त १४ टक्के. उरलेला सगळा धक्का रबराच्या गुटक्याला, तिथून सांगाड्याला आणि तिथून तुमच्या पाठीला.

मग साडेचार पट कडक स्प्रिंग घालावी का? मुळीच नाही. स्प्रिंगवर गाडी एका ठरावीक लयीत झुलते. आरामशीर गाडीची लय सेकंदाला एक ते दीड झोका इतकी असते, साधारण माणसाच्या सावकाश चालीएवढी. स्प्रिंग चौपट कडक केली की ही लय दुप्पट होते. सेकंदाला दीडचे तीन झोके झाले म्हणजे आपण मालवाहू टेम्पोच्या जवळ पोचलो. उभ्या दिशेचे हादरे माणसाच्या शरीराला सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यात सर्वांत जास्त जाणवतात, म्हणून त्या पट्ट्यापासून जितकं लांब राहू तितकं बरं.

इथून माझं मत सरळ निघतं. पद्मिनी २५ मिलिमीटरच खाली घ्या. फार तर ३०. फोटोत तेवढंही छान दिसतं. स्प्रिंग ३० ते ४० टक्के कडक करा, आणि कडेला जो धक्का उरतो त्यासाठी जुन्या टणक रबराऐवजी फोमसारखा, हळूहळू दबत जाणारा पॉलियुरेथेनचा बंप स्टॉप बसवा. तो स्प्रिंगचा जोडीदार म्हणून काम करतो. हातोड्यासारखा आडवा येत नाही.

कापण्यापेक्षा स्प्रिंग नवी वळून घेणं हा योग्य मार्ग आहे, आणि वळून देणारे कारखाने आपल्या औद्योगिक वसाहतींत असतात. त्यांना सांगताना एक गोष्ट डोक्यात ठेवा. तारेची जाडी थोडी बदलली तरी फरक प्रचंड पडतो, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर वाढतो. बारा मिलिमीटरच्या तारेऐवजी तेरा घेतली की स्प्रिंग ३८ टक्क्यांनी कडक झाली, वेढे तेच ठेवले तरीही. एक मिलिमीटरने काय होतंय, असं म्हणून जो चौदा घेतो तो ८५ टक्क्यांवर जातो. आणि गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून खाली बसवायची जी पद्धत आहे, तिच्या वाटेला कृपा करून जाऊ नका. तापवलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं. स्प्रिंग त्या जागी बसत राहते किंवा एके दिवशी तुटते.

शॉकअपचं थोडक्यात. स्प्रिंग धक्का साठवते, शॉकअप तो विरवतो. स्प्रिंग कडक केली की ती सुटतानाही जोरात सुटते, म्हणून शॉकअपचा सुटतानाचा अटकाव वाढवावा लागतो, पण स्प्रिंगच्या प्रमाणात नाही तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. स्प्रिंग ३५ टक्के कडक, तर शॉकअप १६ टक्के. बाजारात मिळणारा सर्वांत कडक शॉकअप घालणं हा उपाय नव्हे, नवा आजार आहे. दुसरं म्हणजे लांबी. गाडी खाली आल्यावर जुन्या लांबीचा शॉकअप आतून तळाला टेकू शकतो. तसं होत असेल तर स्प्रिंग आणि बंप स्टॉप कितीही चांगले घाला, आपटणं थांबणार नाही. गाडी पूर्ण दबलेल्या स्थितीत आणून शॉकअपचा दांडा किती बाकी राहतो ते मोजा, मगच नवे घ्या.

मागचे पाटे

मागची बाजू खाली घेताना सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे एक पाटा काढून टाकणं. तो सर्वांत वाईटही आहे. समान जाडीच्या पाच पाट्यांतला एक गेला की उरलेल्यांचा कडकपणा आणि ताकद दोन्ही साधारण पाचव्या हिश्शाने घटतात. म्हणजे जागा कमी झाली आणि स्प्रिंगही मऊ झाली. पुन्हा पाटे हे नुसती स्प्रिंग नसतात. ऍक्सलला जागेवर धरून ठेवायचं काम तेच करतात. पाटे दुबळे झाले की जोरात पिकअप घेताना ऍक्सल पिळला जातो आणि गाडी मागून उसळ्या मारत निघते.

पाटेवाल्याकडे नेऊन कमान थोडी उतरवून घ्या. पाटे सगळे ठेवायचे, वाक कमी करायचा. ज्या गाड्यांत पाटे ऍक्सलच्या खालून जातात तिथे पाटा आणि ऍक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालूनही गाडी खाली येते. त्यात पाट्याला हातच लावावा लागत नाही, म्हणून मला ही रीत पसंत आहे. फक्त ठोकळा घट्ट लोखंडाचा हवा आणि पाटे ऍक्सलला बांधणारे यू-बोल्ट नव्या लांबीचे, नवे. दोन्ही रीतींत ऍक्सलवरची मोकळी जागा मात्र घटतेच, तेव्हा कणकेचा गोळा मागेही लावायचा.

पाट्यांचं एक दुखणं लो करण्याआधीपासूनचं असतं. चाळीस-पन्नास वर्षांत पाट्यांमध्ये गंज भरतो आणि ते एकमेकांवरून घसरायचे थांबतात. मग लहान खड्ड्यांना पाचही पाटे मिळून एक जाड लोखंडी पट्टी असल्यासारखे वागतात. पाटे सुटे करून घासून, टोकांना कडक प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या किंवा ग्राफाइटचं ग्रीस घालून पुन्हा बांधले की मागची सीट ओळखू येत नाही. एवढ्या कमी पैशांत इतका आराम देणारं दुसरं काम मला माहीत नाही.

सांगाडा म्हणजे पाचवी स्प्रिंग

आता मूळ मुद्द्यावर येतो. चार चाकांना चार स्प्रिंगा, हे दिसतं. पण पत्र्याचा सांगाडासुद्धा थोडा लवतो, थोडा पिळतो. उजवं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि डावं मागचं चाकही त्याच वेळी खाली उतरलं की गाडीची पुढची बाजू एकीकडे आणि मागची दुसरीकडे वळू पाहते, धुणं पिळतात तशी. सांगाडा पिळला जातो आणि परत येतो. म्हणजे तीही स्प्रिंगच झाली, पाचवी. आणि या पाचव्या स्प्रिंगला शॉकअप नसतो.

लो गाडीचं दुखणं मला या एका वाक्यात दिसतं. धक्का चार स्प्रिंगांत गेला तर शॉकअप तो विरवतात. तोच धक्का सांगाड्यात गेला तर विरवायला कुणी नाही. तो थरथरत राहतो, आणि आरसा, डॅशबोर्ड, स्टिअरिंग, दारं त्या थरथरीवर नाचतात. चाकं स्प्रिंगखाली सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा थरथरत असतात. ढिला पडलेला सांगाडाही त्याच पट्ट्यात थरथरू लागला की दोघांची लय जुळते आणि साध्या डांबरी रस्त्यावरही गाडी खडखडते. चाकाजवळच्या स्प्रिंगा कडक करत गेलात तर काम आपोआप या पाचवीकडे सरकतं. म्हणूनच सांगाडा दुरुस्त न करता कडक स्प्रिंगा घालणं मला पटत नाही.

सांगाड्याची ताकद असते कुठे? दाराखालच्या उंबऱ्यात. दार उघडून पाय टाकताना जो पत्र्याचा कठडा लागतो, तो आतून पोकळ, बंद पेटीसारखा असतो. जुन्या गाडीचं पिळणं आणि लवणं रोखण्याचा मोठा भार हे दोन उंबरे घेतात. छताचे खांब बारीक, आणि काचा रबराच्या बीडिंगमध्ये बसवलेल्या. आजच्या गाडीत पुढची काच चिकटवलेली असते, त्यामुळे तीही सांगाड्याला घट्टपणा देते. पद्मिनीत ती नुसती पाहुणी.

बंद पेटी हा शब्द का महत्त्वाचा, ते घरी करून पाहा. कॅलेंडर ज्या पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून येतं तशी एक नळी घ्या आणि दोन्ही हातांनी पिळा. हलणार नाही. आता कात्रीने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ चीर द्या आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच आहे, वजन तेवढंच आहे, पण नळी कागदासारखी पिळली जाईल. नळीच्या त्रिज्येला पत्र्याच्या जाडीने भागा, वर्ग करा, तिप्पट करा. चीर दिल्याने नळी पिळाला तितक्या पटींनी दुबळी होते. ३० मिलिमीटर त्रिज्या आणि १ मिलिमीटर पत्रा घेतला तर २७०० पट. गाडीतला उंबरा दोन्ही टोकांना जखडलेला असतो म्हणून प्रत्यक्षात इतकी पडझड होत नाही, पण दिशा हीच. आणि उंबऱ्याच्या खालच्या शिवणीत लागलेला गंज म्हणजे अशीच लांबलचक चीर.

बाहेरून रंग चकाचक आणि आतून उंबरा जाळीदार, अशा गाड्या खूप आहेत. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी असेल तर तर हमखास पाहावं. तपास सोपा आहे. सपाट जागी गाडी उभी करा, चारी दारांच्या फटी पाहून घ्या. मग पुढच्या एका बाजूला, जॅक लावायच्या ठरलेल्या जागी जॅक लावून चाक अधांतरी होईल इतकं उचला आणि दारं उघड-मीट करून पाहा. दार कुलपाशी अडू लागलं, वरची फट डोळ्यांना बदललेली दिसली, तर उंबऱ्याने राजीनामा दिलाय. नंतर टाचेने किंवा लाकडी मोगरीने उंबऱ्याचा तळ ठोकत जा. खणखणीत आवाजाच्या मध्ये कुठे भदभद आवाज आला की तिथे पत्रा सडला आहे किंवा पुटीने (खळगे भरायच्या लांबीने) भरला आहे.

डेंटरकडे देताना दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, पुटी किंवा वरून चिकटवलेला पत्रा नको. सडलेला भाग कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने बसवायचा आणि पेटी पुन्हा पूर्ण बंद करायची. पाणी निघायची मूळची भोकं मात्र मोकळी ठेवायची आणि आतून गंजरोधक मेण मारायचं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. उंबरा कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप तात्पुरते वेल्ड करून घ्यायचे आणि गाडी समपातळीत, चाकांखाली आधार देऊन ठेवायची. गाडी दोन जॅकवर लोंबकळत असताना उंबरा कापला तर ती मधून लवते, आणि ते लवणं नव्या वेल्डिंगमध्ये कायमचं गोठतं. मागचं दार मग कधीच नीट लागत नाही.

आता ब्रेस, म्हणजे सांगाड्याला वरून बांधणारा आधाराचा दांडा. इंजिनच्या वरून आडवा जाणारा चकचकीत दांडा हल्ली ऑनलाइन सहज मिळतो. त्याचा उपयोग होईल का? ते तुमच्या गाडीत स्प्रिंगचं वरचं टोक कशाला टेकतं यावर आहे. फोर्ड मस्टँगचं उदाहरण घ्या. १७ एप्रिल १९६४ ला बाजारात आलेल्या या गाडीत पुढची स्प्रिंग वरच्या विशबोनवर बसते आणि इंजिनच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या बुरुजांना खालून रेटते. खराब रस्त्यांवर हे बुरूज एकमेकांकडे झुकू लागत. म्हणून परदेशी जाणाऱ्या मस्टँगना फोर्डने स्वतःच एक अखंड, जाड ब्रेस बसवला. दोन्ही बुरूज मागच्या फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) बांधणारा हा त्रिकोण. आजही त्याला एक्स्पोर्ट ब्रेस म्हणतात. पुढे मस्टँगचीच वेगवान आवृत्ती, १९६५ ची शेल्बी जीटी ३५० झाली तेव्हा तिलाही हा ब्रेस होता, शिवाय बुरुजापासून बुरुजापर्यंत आडवा दांडा, आणि वरच्या विशबोनचं बूड एक इंच खाली आणलेलं. गाडी वेगवान करायची तर आधी सांगाडा बांधा, हे ज्यांनी ती घडवली त्यांनी अगदी सरळ केलं.

पण ज्या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आडव्या तुळईतच जिरतो, तिथे वरचा दांडा फारसं काही करत नाही. तुमच्या गाडीखाली आडवे पडून टॉर्चने स्प्रिंगचं वरचं टोक शोधा आणि मगच पैसे खर्चा. दुसरी कसोटी आकाराची. खिळखिळी झालेली बाज आठवा. चार बाजूंची लाकडं कितीही जाड असली तरी बाज तिरकी होते, आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक दोर ताणून बांधला की ताठ उभी राहते. ब्रेसचंही तसंच. चौकोन तिरका होतो, त्रिकोण होत नाही. मध्ये वाकवलेला, टोकांना सैल भोकं असलेला दांडा म्हणजे दागिना. सरळ पाइप, घट्ट बोल्ट आणि तिरपी बांधणी असेल तर साध्या लोखंडातही काम होतं.

पुढची आणि मागची लांब पेटी जमिनीच्या पत्र्याखालून एकमेकींना जोडणं, किंवा कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगच्या ठिपक्यांमध्ये टाके घालत जाणं, हे रॅलीच्या गाड्यांत करतात. घरच्या गाडीला उंबरे धड असतील तर त्याची गरज पडू नये असं मला वाटतं.

रबर, टायर, सीट

पद्मिनीच्या विशबोनचे आणि पाट्यांचे रबरी बुश (सांध्यांत बसवलेल्या रबराच्या नळ्या) वयोमानाने दगड तरी झालेले असतात किंवा चुरा तरी. ते बदलताना बहुतेक गॅरेजांत एक चूक होते. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत, आणि त्याच अवस्थेत बुशचे बोल्ट करकचून आवळले जातात. गाडी खाली उतरली की रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं. ते गाडीला वर ढकलत राहतं, लहान खड्ड्यांना अडवतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून सोडायची आणि त्या उंचीला आवळायचे. लो करताना उंची बदलते, त्यामुळे जुने बुश चांगले असले तरी त्यांचे बोल्ट सैल करून पुन्हा आवळावे लागतात. पॉलियुरेथेनचे कडक बुश मी घरच्या गाडीला सुचवत नाही. रबर जी बारीक कंपनं गिळतं ती ते आत पाठवतात.

टायरच्या बाबतीत मोह आवरा. मूळ चौदा इंची रिमवर टायरची भिंत उंच असते, आणि ती भिंत हीच खड्ड्यांविरुद्धची पहिली गादी. गाडी लो केली आणि वर सोळा-सतरा इंची अलॉय व पट्टीसारखे टायर घातले, तर दोन्हीकडून जागा काढून घेतल्यासारखं होतं. शिवाय जड चाक खड्ड्यातून उसळलं की त्याला आवरणं शॉकअपला अवघड जातं.

आणि सीट. जुन्या सीटच्या आतल्या स्प्रिंगा बसलेल्या असतात आणि काथ्याचा भुगा झालेला असतो. स्प्रिंगा नीट करून, वर योग्य घनतेचा फोम घालून सीट बांधली की गाडीला हात न लावता गाडी सुधारते. मालक वर्षभर सस्पेन्शनवर खर्च करतात आणि हे शेवटी आठवतं.

खाली आल्यावर काय काय हलतं

विशबोनच्या गाडीत उंची बदलली की कोनही बदलतात. चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. स्टिअरिंगचा दांडा आणि विशबोन वेगवेगळ्या चापांत फिरू लागतात, म्हणून खड्ड्यात चाक वर गेलं की आपोआप थोडं वळतं आणि स्टिअरिंग हातात चुळबुळ करतं. एक गोष्ट तर बऱ्याच जणांना खोटी वाटते. जास्त लो केलेली गाडी वळणावर जास्त कलू शकते. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू विशबोन उतरते झाले की गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, तरफ लांब होते. २५ मिलिमीटरला हे सगळं अलाइनमेंटमध्ये सांभाळता येतं. ६० ला येत नाही. हेडलाइटचा झोतही नव्याने लावून घ्या.

कायद्याचंही बोललं पाहिजे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. पहिल्या काही पद्मिन्यांनी ती पन्नाशी आता गाठली आहे. म्हणून मी शक्य तिथे बोल्टने बसणारे, पुन्हा काढता येणारे बदल सुचवतो. मूळ स्प्रिंगा, आणि पाटे बदलले असतील तर मूळ पाटेही, तेल लावून, नाव लिहून माळ्यावर ठेवा.

राहता राहिला गतिरोधक. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.३४ मीटर अंतर. माथा बरोबर मध्ये आला की चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर तो किती येतो, याचं गणित केलं तर उत्तर जेमतेम ४ सेंटिमीटर येतं. म्हणजे मानकातला गतिरोधक २५ मिलिमीटर उतरवलेल्या पद्मिनीला चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) न आपटता सहज ओलांडता यावा. आपल्याकडे घरासमोर, शाळेसमोर रातोरात उभे राहतात ते हातभर रुंदीचे उंचवटे. ते पूर्ण उंचीने पोटाखाली येतात. तिथे प्रत्येक लो गाडीचा मालक एकच करतो, गाडी तिरपी घालतो. आधी एक चाक, मग दुसरं, सावकाश. चेंबर वाचतो, पण त्याच क्षणी गाडीच्या एकाच कोपऱ्यावरचं चाक उंच आणि बाकीची खाली असतात, आणि सांगाडा असेल नसेल तेवढा पिळला जातो. खिडक्या बंद ठेवून, रेडिओ बंद करून, तेव्हा दारांचा आवाज ऐका. उंबरे धड असतील तर दारं गप्प असतात.